सातबारा आणि मायक्रोसर्व्हिसेस

फायनल इयरच्या प्रोजेक्टची चर्चा सुरू झाली की होस्टेलवर 'मायक्रोसर्व्हिस' हा शब्द हमखास ऐकू येतो. मोठे सॉफ्टवेअर एकाच प्रोग्राममध्ये न कोंबता स्वतंत्रपणे चालणाऱ्या लहान सर्व्हिसेसमध्ये विभागायचे, अशी ही पद्धत. २०१४ साली जेम्स लुईस व मार्टिन फाउलर यांच्या लेखामुळे ती सर्वदूर पोहोचली. पण तुकडे पाडायचे कुठे? आपण बहुधा जितके स्क्रीन तितक्या सर्व्हिसेस करून मोकळे होतो. माझ्या मते तुकडे जबाबदारी पाहून पाडावेत. याचे उदाहरण आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. ते म्हणजे सातबारा.

सातबारा हा कागद एक, पण नमुने दोन. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख : जमीन कोणाची, क्षेत्र किती, बोजा कोणाचा. गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद : यंदा सोयाबीन की कापूस, आणि किती क्षेत्रावर. जिंतूर असो की गंगाखेड, शेतकऱ्याला दोन्ही नमुने एकत्र दिसतात. म्हणून आपणही एकच टेबल करायला धावतो.

आता बदल कसा होतो ते पाहू. खरेदीखत झाले किंवा वारसाची खबर आली की नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद होते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच नमुना सातवर नाव बदलते. नमुना बारा मात्र दर हंगामात बदलतो. २०२१ पासून ई-पीक पाहणी ॲपमधून शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचा फोटो काढतो व नोंद करतो.

म्हणजे बदलाचे कारण वेगळे, बदलणारा माणूस वेगळा, गर्दीची वेळही वेगळी. तेव्हा सर्व्हिसही दोन हव्यात : 'हक्क' आणि 'पीक'. दोघींचे डेटाबेस वेगळे. (ही सरकारी प्रणालीची रचना नव्हे, अभ्यासासाठी मी केलेली मांडणी आहे.) मुदतीच्या शेवटच्या दिवशी पीक नोंदणीचा सर्व्हर बसला तरी कोणाच्या वारसाची नोंद अडणार नाही. आणि पीक नोंदीतल्या चुकीमुळे कोणाच्या मालकीला धक्का लागणार नाही. आठ अ चे काय? तो खातेदाराच्या गावातील जमिनीचा गोषवारा. तो 'हक्क' मधूनच निघतो. त्याला वेगळी सर्व्हिस नको, रिपोर्ट पुरे.

खरी अडचण पुढे आहे. पिकाचे क्षेत्र जमिनीपेक्षा जास्त भरले जाऊ नये, यासाठी 'पीक' ला 'हक्क' मधली माहिती लागते. प्रत्येक वेळी विचारत बसलो तर एक बंद पडली की दुसरीही बंद! त्यापेक्षा 'पीक' ने गट नंबर व क्षेत्राची प्रत जवळ ठेवावी आणि फेरफार प्रमाणित झाला की 'हक्क' ने तिला निरोप धाडावा. मधल्या काळात दोन्हीकडची माहिती जुळणार नाही, पण त्याला घाबरायचे कारण नाही. हस्तलिखित सातबाऱ्याच्या काळात तलाठी प्रमाणित न झालेली नोंद पेन्सिलने करीत, नंतर शाईने. आपल्या प्रोग्राममधली 'प्रलंबित' ही स्थिती म्हणजे तीच पेन्सिल.

अर्थात हे सगळे फुकट मिळत नाही. निरोप हरवतात, दोनदा पोहोचतात, चूक शोधायला चार ठिकाणचे लॉग पाहावे लागतात. चार जणांच्या ग्रुपने पंधरा सर्व्हिसेस करणे म्हणजे हौसच. आधी एकाच प्रोग्राममध्ये नीट सीमा आखा, गरज पडली तर मग वेगळे करा.

पुढच्या सुट्टीत गावी गेलात की घरचा सातबारा काढा. प्रत्येक रकान्यापुढे तीन प्रश्नांची उत्तरे लिहा : ही माहिती कोण बदलतो, केव्हा बदलतो, कोणाच्या सहीने बदलतो? ज्यांची उत्तरे सारखी, ते रकाने एका सर्व्हिसमध्ये. कॉम्प्युटर चालू करण्याआधी निम्मे डिझाइन झालेले असेल.