नांव एक, जंतु अनेक

वर्ग ओळखल्यावांचून उपाय ठरत नाहीं, हें शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. जमीन काळी आहे कीं मुरमाड, चोपण आहे कीं पोयट्याची, हें पाहूनच तो पीक ठरवितो. हरळी आणि टारफुला हीं दोन्ही तणेंच. परंतु हरळीचा उपाय टारफुल्यास लागू पडत नाहीं, कारण पहिली स्वतःच्या मुळ्यांवर जगते आणि दुसरा ज्वारीच्या मुळ्यांवर.

मात्र डोळ्यांस न दिसणाऱ्या जीवसृष्टीशीं गांठ पडली कीं हाच जाणता शेतकरी सर्वांस एका दावणीस बांधतो. पान पिवळें पडलें, डाग आला, रोप वाळलें, कीं "बुरशी आली" असें म्हणून दुकानांत मिळेल तें औषध आणून फवारतो. लागू पडलें तर ठीक. न पडल्यास दुसरें, मग तिसरें. इकडे पैसा जातो, तिकडे रोग वाढतो, आणि ज्या चार-सहा दिवसांत पीक हातीं राहिलें असतें ते दिवसहि निघून जातात. सूक्ष्म जंतूंचें वर्गीकरण हा केवळ विद्वानांच्या अभ्यासाचा विषय नसून शेतकऱ्याच्या हिशेबाच्या वहीचा विषय आहे, हें या लेखांत दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

रोगांच्या नांवांतील घोटाळा

आपल्याकडील रोगांचीं नांवें रोगाच्या दिसण्यावरून पडलेलीं आहेत, जंतूवरून नव्हेत. 'केवडा' हा शब्द घ्या. द्राक्षावर केवडा येतो, बाजरीवर केवडा येतो (त्यासच कोठें गोसावी म्हणतात), आणि भेंडीवर व मुगावरहि केवडाच येतो. पान पिवळें पडतें एवढेंच यांत साम्य. पहिले दोन रोग जलबुरशी नांवाच्या वर्गांतील जंतूंचे, तर शेवटचे दोन विषाणूंचे. आणि द्राक्षाच्या केवड्यावरील उत्तमांतलें उत्तम औषधहि भेंडीच्या केवड्यावर पाण्याहून अधिक कांहीं करीत नाहीं.

'करपा' या शब्दाचीहि तीच गत. भातावरील करपा बुरशीमुळें येतो; त्याच भाताचा कडा करपा जिवाणूमुळें येतो; आणि बटाट्यावरील उशिरा येणारा करपा पुन्हा जलबुरशीचा. 'मर' म्हणाल तर तुरीची व हरभऱ्याची मर ही फ्यूजेरियम नांवाच्या बुरशीची, परंतु वांगीं व टोमॅटो यांची मर पुष्कळदां जिवाणूची असते. तेव्हां नांव ऐकून औषध घेणें म्हणजे आडनांव ऐकून सोयरीक जुळविण्यासारखें आहे.

विद्वानांनीं केलेली वांटणी

या सृष्टीचा पहिला साक्षीदार हॉलंडांतील डेल्फ्ट गांवचा एक कापडव्यापारी होता. लेव्हेनहूक हें त्याचें नांव. स्वतः घांसलेल्या भिंगांतून, मिरें भिजविलेल्या पाण्यांत त्यास असंख्य जीव हालतांना दिसले, व १६७६ मध्यें त्यानें ही हकीकत पत्रानें लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविली. परंतु या जीवांस बसवावें कोठें, हें पुढें दीर्घकाळ कोणास ठरवितां आलें नाहीं. सर्व सृष्टीची वर्गवारी करणाऱ्या लिनियसनें अठराव्या शतकांत यांतील कांहीं जीवांस 'केऑस', म्हणजे गोंधळ, अशा नांवाखालीं कृमींच्या रांगेंत बसविलें. १८६६ मध्यें हेकेलनें वनस्पति व प्राणी यांपासून निराळें असें तिसरें राज्य त्यांस दिलें. १९६९ मध्यें व्हिटेकरनें पांच राज्यें मानलीं, आणि त्यांत बुरशीस वनस्पतींपासून कायमचें विभक्त केलें.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची. १९७७ मध्यें अमेरिकेंतील कार्ल वूझ व जॉर्ज फॉक्स यांनीं जंतूंचें बाह्य रूप बाजूस ठेवून, प्रत्येक पेशींत प्रथिनें तयार करणारा जो भाग असतो त्याची आंतील रचना ताडून पाहिली. रूपानें सारखे दिसणारे जंतु कुळानें फार दूरचे निघाले. तेव्हांपासून सजीवांचीं तीन महाकुलें मानण्याचा प्रघात पडला : जिवाणु, आर्किया, आणि ज्यांच्या पेशींत स्पष्ट केंद्रक आहे ते सर्व. बुरशी, शेवाळें, आदिजीव, झाडें, गुरें आणि आपण स्वतः या तिसऱ्या कुळांत येतों. विषाणु या तिहींच्याहि बाहेर राहतात, कारण त्यांस पेशीच नाहीं.

जिवाणु

जिवाणु साधारणतः मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो. चिमूटभर सुपीक मातींत ते कोट्यवधींनीं सांपडतात. कोणी गोल, कोणी कांडीसारखे, कोणी मळसूत्रासारखे. पहिल्या पावसानंतर मातीस जो सुवास येतो तो मुख्यतः स्ट्रेप्टोमायसीस या जिवाणूंच्या कुटुंबाचा. हे तंतूंसारखे वाढतात म्हणून पूर्वीं त्यांची गणना बुरशींत होई. ते जिवाणु आहेत हें मागाहून ठरलें. भातखाचरांतील नीलहरित शेवाळाचेंहि तसेंच. नांवानें शेवाळ, परंतु कुळानें जिवाणु. आणि तें हवेंतील नत्र खाचरांत आणून साठवितें, हें पी. के. डे यांनीं १९३९ मध्यें दाखवून दिलें.

शेतकऱ्याचा सर्वांत जवळचा मित्र म्हणजे कडधान्यांच्या मुळ्यांवर गांठी करणारा रायझोबियम. १८८८ मध्यें बायेरिंक यानें तो गांठींतून वेगळा काढला. परंतु येथेंहि जातीचा प्रश्न सुटत नाहीं. हरभऱ्याचा रायझोबियम सोयाबीनच्या मुळीस ओळखत नाहीं आणि सोयाबीनचा हरभऱ्याच्या. चवळी, मूग, उडीद, मटकी, तूर व भुईमूग यांचा गट एक. वाटाणा व मसूर यांचा दुसरा. मेथी व लसूणघास यांचा तिसरा. हरभरा आणि सोयाबीन हे आपापल्या घरचे. म्हणून संवर्धकाच्या पाकिटावर पिकाचें नांव वाचल्याशिवाय तें घेऊं नये. ज्या रानांत सोयाबीन पूर्वीं कधींच झालें नाहीं तेथें त्याचा योग्य जिवाणु मातींत बहुधा नसतोच, आणि तेथेंच बीजप्रक्रियेचा लाभ सर्वांत अधिक दिसतो.

कामाची परीक्षा घरींच करतां येते. पीक फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास दोन-चार रोपें माती न झटकतां हळूच उपटावीं व मुळीवरील गांठ नखानें फोडावी. आंत गुलाबी किंवा तांबूस रंग असला तर जिवाणु नत्र साठवीत आहे. आंत पांढरी किंवा हिरवट असली तर ती गांठ नुसती बसून खात आहे.

शत्रुपक्षांत डाळिंबाचा तेल्या प्रसिद्धच आहे. पानाफळांवर तेलकट डाग पडतात, पुढें फळ तडकतें. हा झँथोमोनास जातीचा जिवाणु पावसाच्या शिंतोड्यांनीं, रोगट कलमांतून व छाटणीच्या कात्रींतून पसरतो. बुरशीवरील बहुतेक औषधें त्यास बाधत नाहींत. ताम्रयुक्त औषधें त्याचा प्रसार रोखतात. परंतु खरी लढाई निरोगी कलमें, प्रत्येक झाडागणिक निर्जंतुक केलेली कात्री, रोगट फळांचा नाश आणि पाऊस टाळणाऱ्या बहाराची निवड यांनींच लढावी लागते.

आर्किया

हे दिसावयास जिवाणूंसारखे, परंतु कुळानें निराळे. गोबर गॅसच्या टांकींत शेण कुजविण्याचें काम जिवाणु करतात. मात्र शेवटीं जळणारा मिथेन वायु तयार करणारे हे आर्कियाच होत. थंडींत गॅस कमी पडतो तो मुख्यतः यांचें काम मंदावतें म्हणून. गुरांच्या पोटांत व पाणी सांठलेल्या भातखाचरांतहि यांची वस्ती असते.

बुरशी आणि जलबुरशी

या दोहोंतील भेद द्राक्षबागाईतदारानें तरी पाठच करावा. भुरी आणि केवडा या दोहोंची पांढरी वाढ पानावर दिसते. म्हणून दोन्हींस लोक बुरशीच समजतात. परंतु भुरी ही खरी बुरशी, आणि केवडा हा जलबुरशीचा. जलबुरशीचें नातें बुरशीशीं नसून समुद्रांतील तपकिरी शेवाळांशीं आहे. खऱ्या बुरशीच्या पेशीची भिंत कायटिन नांवाच्या पदार्थाची, म्हणजे कीटकांच्या कवचांत जो असतो त्याची. जलबुरशीच्या भिंतींत झाडांप्रमाणें सेल्युलोज असतें. बुरशीस स्वतःच्या आवरणासाठीं अर्गोस्टेरॉल तयार करावें लागतें. जलबुरशी तें तयारच करीत नाहीं.

यांतूनच औषधांचा निवाडा होतो. हेक्झाकोनॅझोलसारखीं औषधें अर्गोस्टेरॉलच्या निर्मितीवर घाव घालतात, म्हणून तीं भुरीवर चालतात व केवड्यावर व्यर्थ जातात. गंधकहि भुरीवरचाच. उलट मेटॅलॅक्झिल जलबुरशीवर चालतें, भुरीवर नाहीं. दोघांची राहणीहि वेगळी. केवड्याचे बीजाणु पाण्याच्या थरांत पोहत जातात, म्हणून पाऊस व दंव यांत तो भडकतो व त्याची पांढरी वाढ पानाच्या खालच्या बाजूस दिसते. भुरीस पानावर पाणी लागत नाहीं. ढगाळ व दमट परंतु बिनपावसाच्या हवेंत ती पानाच्या वरच्या बाजूसहि राखेसारखी पसरते.

हा केवडा अमेरिकेंतून आला व १८७८ मध्यें फ्रान्समध्यें आढळला. बोर्डोकडील बागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत, तो केवळ वाटसरूंनीं द्राक्षें खाऊं नयेत म्हणून. त्याच वेलींचीं पानें टिकून राहिलेलीं १८८२ मध्यें मिलार्डे या अध्यापकानें पाहिलीं, आणि १८८५ मध्यें बोर्डो मिश्रणाची कृति प्रसिद्ध केली. कोंकणांतील सुपारीचा कोळेरोग हाहि जलबुरशीचाच. त्यावर पावसाच्या आरंभीं हेंच मिश्रण कामीं येतें. परंतु हें औषध झाडाच्या अंगांत शिरत नाहीं. रोग येण्यापूर्वीं पडलें तर तें ढाल होतें. रोग आंत शिरल्यावर तें केवळ पानावरचा रंग.

सर्व बुरशी शत्रु नव्हेत, हेंहि ध्यानांत ठेवावें. ट्रायकोडर्मा ही बुरशी मर आणणाऱ्या बुरशींवर उपजीविका करते. आपणच बुरशीनाशकाचें द्रावण जमिनींत ओतून त्याच दिवशीं ट्रायकोडर्मा सोडला, तर शिपाई पाठवून त्याच्यावरच गोळी झाडल्यासारखें होतें.

विषाणु आणि फायटोप्लाझ्मा

विषाणु दुसऱ्याच्या पेशींत शिरूनच वाढतो. स्वतंत्र असा त्याचा संसारच नाहीं. म्हणून त्यास मारून झाडास वांचविणारें औषध शेतकऱ्याच्या हातीं नाहीं. भेंडी व मूग यांचा केवडा पांढरी माशी पसरविते. तेव्हां रोगट झाड दिसतांच उपटून नष्ट करणें, पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करणें व रोगास तोंड देणारी जात पेरणें हेच मार्ग. फवारणीनें त्या झाडाचीं पानें पुन्हा हिरवीं होतील अशी आशा जो विक्रेता देतो, त्यास हात जोडून परत यावें.

तिळाचा पर्णगुच्छ किंवा वांग्याचा बोकड्या हे रोग पूर्वीं विषाणूंचे समजले जात. १९६७ मध्यें जपानी संशोधकांनीं अशा रोगांत भिंत नसलेले सूक्ष्म जिवाणु शोधून काढले. त्यांस आतां फायटोप्लाझ्मा म्हणतात. यांचे वाहक तुडतुडे होत. येथेंहि वाहकाचा बंदोबस्त व रोगट झाड काढणें हाच व्यवहार्य उपाय.

शेतावरील परीक्षा

१. वांगीं किंवा टोमॅटोचें रोप हिरवेंच असतां एकाएकीं मान टाकूं लागलें, तर खोडाचा तुकडा स्वच्छ कापून कांचेच्या पेल्यांतील नितळ पाण्यांत उभा लोंबता धरावा. थोड्या वेळांत कापलेल्या तोंडांतून दुधासारखी धार उतरूं लागली तर मर जिवाणूची. धार न येतां आंतील शिरा तपकिरी दिसल्या तर संशय बुरशीवर. भाताच्या कडा करप्याची परीक्षा पान कापून अशीच करतां येते.

२. द्राक्षाचें पान उलटून पाहावें. वर तेलकट पिवळा डाग व त्याच्याच बरोबर खालीं पांढरी वाढ असेल तर केवडा. राखेसारखी भुकटी वरच्या बाजूसहि असून बोटानें पुसली जात असेल तर भुरी.

३. शिरा पिवळ्या, पानें आखडलेलीं, रोगट झाडें रानांत विखुरलेलीं, आणि पानाखालीं पांढरी माशी. असें असतां विषाणु समजून झाड उपटावें.

४. बीजप्रक्रियेंत क्रम पाळावा. बुरशीनाशक आधीं, कीटकनाशक नंतर, आणि जिवाणु संवर्धक सर्वांत शेवटीं; बियाणें सावलींत सुकवून लगेच पेरावें. दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धक सामान्यतः पुरतें.

५. एवढें करूनहि ओळख न पटल्यास औषध न घेतां, रोगट व निरोगी अशा दोन्ही फांद्या कागदांत गुंडाळून जवळच्या कृषि विज्ञान केंद्रांत न्याव्या. प्लास्टिकच्या पिशवींत नमुना कुजतो, व मग तपासणाऱ्यास कुजविणारे जंतुच सांपडतात.

सूक्ष्म जंतूंचीं सारींच नांवें शेतकऱ्यानें घोकावीं असें आमचें म्हणणें नाहीं. जिवाणु, बुरशी, जलबुरशी आणि विषाणु हे चार वर्ग जरी त्यानें निवडून ओळखले, तरी दुकानाच्या पायरीवर उभें राहून "हें औषध कोणत्या वर्गावर चालतें?" असा प्रश्न तो विचारूं शकेल. ज्या विक्रेत्यास त्याचें उत्तर देतां येईल त्याच्याकडून औषध घ्यावें, आणि ज्यास देतां येणार नाहीं त्याच्याकडे आपला पैसा ठेवूं नये, एवढीच आमची आमच्या सभासदबंधूंस विनंति आहे.