सुक्या बोंबलाचा वास

विरारहून अर्नाळ्याला जाणाऱ्या बसमध्ये तुम्ही कधी बसला असाल, तर एक गंमत तुमच्या ध्यानात आली असेल. किनारा जवळ येतो, खिडकीतून वारा आत शिरतो आणि उतारूंचे दोन तट पडतात. काहीजण रुमाल नाकाला लावतात, तर काहीजण, "बोंबील चांगले वाळलेत!" असे म्हणून दीर्घ श्वास घेतात. हवा एकच, बसही एकच. मग एकाला जो घमघमाट वाटतो, तो दुसऱ्याला दुर्गंध का वाटावा?

हा प्रश्न केवळ गमतीचा नाही. वसई-विरारमध्ये आज किनाऱ्यावरची जुनी घरे आणि बाहेरून आलेल्या कुटुंबांच्या इमारती शेजारी शेजारी उभ्या आहेत. जिन्यात बोंबील भाजल्याचा वास आला की कुरबुर होते. मधल्या सुट्टीत डब्याचे झाकण अर्धेच उघडून, वर हात धरून जेवणारी मुले मी पाहिली आहेत. तुमच्या वर्गातही असे एखादे मूल असेल. कदाचित ते तुम्हीच असाल. म्हणून या वासाची नीट ओळख करून घेऊ.

प्रथम मासा पाहू. बोंबलाचे शास्त्रीय नाव हार्पाडॉन नेहेरियस. इंग्रजीत त्याला 'बॉम्बे डक' म्हणतात. आगगाडीच्या 'डाक'वरून हे नाव पडले अशी एक गोष्ट सांगतात, पण ती फारशी विश्वसनीय नाही. आपल्याकडे आगगाडी सुरू झाली १८५३ साली आणि हे नाव त्यापूर्वीच्या इंग्रजी लिखाणात सापडते. भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवलेल्या डोल जाळ्यात बोंबील येतो. त्याच्या शरीरात जवळजवळ ९० टक्के पाणी असते, म्हणून तो लिबलिबीत लागतो आणि फार लवकर नासतो. त्यावर कोळी लोकांनी फार पूर्वी उपाय शोधला. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी बांबूंच्या वलांडीवर ताणलेल्या दोरीवर टाकायची. बोंबलाचे दात आकडीसारखे असल्याने जोडी सुटत नाही. बाकीचे काम ऊन आणि वारा करतात.

येथे एक सोपे गणित करा. १० किलो ओल्या बोंबलात ९ किलो पाणी धरले, तर घन भाग १ किलोच उरतो. वाळलेल्या बोंबलात २० टक्के पाणी राहिले असे मानले, तर त्याचे वजन किती होईल? उत्तर सव्वा किलो. इतक्या थोड्या पाण्यात जिवाणूंची वाढ होत नाही आणि म्हणूनच आगोटीची बेगमी पावसाळाभर टिकते. वाळवण चालू असताना अवकाळी पाऊस आला तर मात्र जिवाणूंना हवे ते मिळते आणि सगळा माल फुकट जातो. किनाऱ्यावरच्या बाया आभाळाकडे सारख्या का पाहत असतात, ते यावरून कळेल.

आता वासाकडे वळू. समुद्रातील माशांच्या शरीरात ट्राइमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचे संयुग असते. ते प्रथिनांचे रक्षण करते. त्याला स्वतःचा वास नाही. मासा मेल्यावर जिवाणू त्यातील ऑक्सिजन काढून घेतात आणि ट्राइमिथिलअमाइन उरते. हा अमोनियाचा भाऊबंद. नायट्रोजनच्या एका अणूला तीन मिथिल गट जोडलेले असतात. तो सहज हवेत मिसळतो आणि आपल्या नाकाला त्याचा अत्यल्प अंशही कळतो. गोड्या पाण्यातील माशांत मूळचे संयुगच फार कमी असते. म्हणून नदीच्या माशाला हा विशिष्ट वास तितका येत नाही. बोंबील निखाऱ्यावर भाजला की त्यात आणखी भर पडते. उष्णतेने प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि शर्करा यांची अभिक्रिया होऊन खरपूस वासाची नवी संयुगे तयार होतात. भाकरीच्या पापुद्र्याला येणारा वासही याच जातीचा.

वास कळतो नाकाला, पण त्याला बरे-वाईट ठरवतो मेंदू. नाकात ट्राइमिथिलअमाइन ओळखणारा एक ग्राहक आहे. त्याला टार-५ म्हणतात. आइसलंडमधील नऊ हजारांहून अधिक लोकांना निरनिराळे वास देऊन केलेले एक संशोधन २०२० साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या या ग्राहकाच्या जनुकात विशिष्ट बदल होता, त्यांना माशाचा वास सौम्य वाटला. काहींनी तर तो बटाट्याचा किंवा कॅरमेलचा म्हणून सांगितला! परंतु असा बदल थोड्याच लोकांत असतो. अर्नाळ्याचे अख्खे गाव बोंबील आवडीने खाते, त्याचे कारण जनुकांत शोधणे व्यर्थ आहे.

ते कारण सवयीत आहे. ही सवय किती लवकर लागते? अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही मातांनी गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत गाजराचा रस घेतला होता. त्यांच्या बाळांनी पुढे गाजर घातलेली पेज खाताना इतर बाळांपेक्षा तोंडे कमी वेडीवाकडी केली. म्हणजे आईच्या जेवणाची चव बाळाला जन्माआधीच ओळखीची होते. पाचूबंदरच्या मुलाला बोंबलाची ओळख कधी झाली असेल, ते तुम्हीच ठरवा.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातही असाच एक पदार्थ आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे गेलेल्या नॉर्वेच्या लोकांनी 'ल्युटफिस्क' सोबत नेला. वाळवलेला कॉड मासा आधी पाण्यात, मग तीव्र अल्कलीत आणि पुन्हा अनेकदा पाण्यात भिजवायचा. तो थलथलीत होतो. नाताळच्या सुमारास तो खाण्यासाठी चर्चच्या जेवणावळींत रांगा लागतात आणि त्याच घरातली नातवंडे नाक धरून पळतात!

उलट आपल्या वसईची सुकेळी घ्या. राजेळी केळीही त्याच उन्हात वाळतात, पण त्यांच्याविषयी जिन्यात कोणी तक्रार केल्याचे मी ऐकलेले नाही.

आता एक प्रयोग करा. सुक्या बोंबलाचे तीन सारखे तुकडे तीन वाट्यांत घ्या. एकीत साधे पाणी, दुसरीत लिंबाचा रस घातलेले पाणी आणि तिसरीत खायचा सोडा विरघळवलेले पाणी घाला. वाट्या दहा मिनिटे झाकून ठेवा आणि मग एकेक हुंगा. ट्राइमिथिलअमाइन अल्कधर्मी आहे. आम्लाशी संयोग होऊन त्याचा क्षार बनतो आणि तो हवेत उडत नाही; सोड्याने मात्र ते अधिक मोकळे होते. कालवणात चिंच किंवा कोकम का घालतात, हे आता आजीला विचारण्याऐवजी तुम्ही तिला सांगू शकाल. तिसरी वाटी मात्र घराबाहेर उघडा आणि हात लिंबाच्या सालीने धुवा.