नेमबाजी क्लबात लांब पल्ल्याची पोलादी रेंज मंजूर करून घेण्याची कृती

अमेरिकेतल्या अनेक ग्रामीण नेमबाजी क्लबांत रायफलची रेंज १०० किंवा २०० यार्डांवर संपते. पुढे क्लबाचीच जमीन पडून असते, कधी मागे चांगला डोंगरही असतो. तिथे ३०० ते ५०० यार्डांवर पोलादी पाट्या टांगाव्यात, असं मनापासून वाटणाऱ्या तिथल्या मराठी सभासदांसाठी ही कृती आहे. (एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर अमेरिकी कायदा बंदूक आणि काडतुसं बाळगायला, मोजके अपवाद सोडता, मनाई करतो. आधी ते वकिलाकडून तपासून घ्या.)

असा ठराव नुसत्या हौसेवर मंजूर होत नाही. विरोधकांच्या शंकांची उत्तरं ज्यात आधीच लिहिलेली असतात, तोच ठराव सभेत टिकतो. म्हणून सुरुवात शंकांपासून करायची.

जमवायची कागदपत्रं: क्लबाची घटना व नियमावली, जमिनीचा करार, काउंटीचे जमीनवापराचे नियम, विमा पॉलिसी, उंचसखलपणा दाखवणारा नकाशा.

१. नकाशावर रेघ मारा. फायरिंग लाइनपासून प्रत्येक पाटीपर्यंत सरळ रेघ ओढा आणि ती पाटीच्या मागे कित्येक किलोमीटर वाढवा. ७.६२ मिलिमीटरची रायफलची गोळी अडली नाही, तर ४ किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. त्या रेघेवर घर, रस्ता, पायवाट काय काय येतं ते लिहून काढा. पाटी चुकलेली प्रत्येक गोळी मातीतच गेली पाहिजे, म्हणून पाटी डोंगराच्या पायथ्याशी हवी, माथ्याजवळ नको. मागे डोंगर नसेल, तर प्रत्येक पाटीमागे मातीचा उंच बांध घालावा लागेल. हा नकाशा रेंजच्या आखणीतल्या तज्ज्ञाला दाखवा आणि लेखी अहवाल घ्या. तज्ज्ञ नाही म्हणाला, तर प्रस्ताव तिथेच थांबवा.

२. विरोधकांना एकेकटं भेटा. सभेत अचानक विषय काढलात, तर लोक आधी नाही म्हणतात आणि मग त्या ‘नाही’ला चिकटून राहतात. रेंज सेफ्टी ऑफिसर, खजिनदार, कागदी लक्ष्यांवर वर्षानुवर्षं सराव करणारे जुने सभासद आणि कुंपणापलीकडचा शेजारी या सगळ्यांकडे आधी जा. बोला कमी, लिहून जास्त घ्या. शंका साधारण याच निघतात: गोळी उलटून येईल का, कागदी रेंज बंद पडेल का, आवाज वाढेल का, पैसे कोण देणार.

३. पाटीचे तांत्रिक नियम एका पानावर मांडा. उलटून येणाऱ्या गोळीची भीती खोटी नाही. साध्या मऊ लोखंडावर खड्डे पडतात आणि खड्ड्यात शिरलेल्या गोळीच्या ठिकऱ्या मागे फिरू शकतात. कडक, सपाट पाटीवर गोळी फुटते आणि ठिकऱ्या बहुतांशी पाटीच्या पृष्ठभागालगत बाजूला उडतात. म्हणून हे लिहा:

- पोलाद एआर ५०० प्रतीचं, म्हणजे सुमारे ५०० ब्रिनेल कडकपणाचं. जाडी किमान ३/८ इंच.
- पाटी किंचित पुढे झुकलेली, म्हणजे ठिकऱ्या जमिनीकडे जातील.
- रायफलसाठी १०० यार्डांच्या आत पाटी नाही.
- पोलादी गाभ्याच्या, चिलखतभेदी आणि ट्रेसर गोळ्यांना बंदी. गोळीला लोहचुंबक लावून तपासणी. चिकटली तर ती वापरायची नाही.
- पाटीला वेल्डिंग नाही, कारण उष्णतेने कडकपणा जातो. खड्डा किंवा तडा दिसला की पाटी त्याच दिवशी खाली.
- लाइनवरच्या प्रत्येकाला डोळ्यांचं आणि कानांचं संरक्षण सक्तीचं.

४. आग आणि शिसं यांचं उत्तर तयार ठेवा. अमेरिकी वनसेवेच्या २०१३च्या अभ्यासात पोलादी घटक असलेल्या आणि अख्ख्या तांब्याच्या गोळ्यांनी आग लागण्याचं प्रमाण जास्त आढळलं. शिशाच्या गाभ्याच्या गोळ्यांनी ते क्वचित घडलं. तेव्हा अख्ख्या तांब्याच्या गोळ्याही कोरड्या मोसमात बंद ठेवा, पाटीभोवतीचं गवत काढा आणि आगीचा इशारा असेल त्या दिवशी रेंज उघडू नका. पाटीखाली आणि बांधात शिसं साठतं. ते ठरावीक काळाने काढून पुनर्वापराला द्यायचं. त्यासाठी अमेरिकी पर्यावरण संस्थेची, ईपीएची, मैदानी रेंजवरील शिशाविषयीची मार्गदर्शिका आहे. प्रस्तावात तिचाच आधार घ्या.

५. फायदा मोजून सांगा. ५०० यार्ड म्हणजे सुमारे ४५७ मीटर. तिथला कागद तपासायचा, तर लाइन बंद करून जाऊन-येऊन जवळजवळ एक किलोमीटर चालावं लागतं. पोलाद स्वतःच उत्तर देतं: ५०० यार्डांवर गोळी सुटल्यापासून साधारण दोन सेकंदांनी टणत्कार कानावर येतो आणि नेमबाज जागेवरून न हलता वाऱ्याचा अंदाज सुधारतो. ही नवी टूमही नाही. मेक्सिकोत १९४८पासून धातूच्या आकृत्यांवर स्पर्धा होतात. मोठ्या रायफलसाठी आजही कोंबडी २०० मीटरवर, रानडुक्कर ३००वर, टर्की ३८५वर आणि मेंढा ५००वर असतो.

६. छोटं प्रात्यक्षिक करा. कार्यकारिणीची लेखी परवानगी घेऊन सध्याच्या १०० यार्डांच्या बांधापुढे एकच पाटी टांगा आणि .२२ रायफलने सुरुवात करा. साखळीऐवजी जुन्या फायर होजचे पट्टे वापरा. कडीवर गोळी बसून तुकडे उडण्याचा धोका टळतो. पाटी पांढरी रंगवा. पहिला नेम साशंक सभासदाला धरू द्या. राखाडी ठिपका उमटलेला त्याला दुर्बिणीतून दिसतो, टणत्कार ऐकू येतो आणि प्रश्न बदलतात. ‘कशाला हवं?’ विचारणारे ‘कधी उघडणार?’ विचारू लागतात.

७. खर्च टप्प्यांत मांडा. पहिल्या टप्प्यात तीनच पाट्या. बांध आणि रस्ता यांचा खर्च पाट्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो, तो लपवू नका. श्रमदान, देणग्या आणि स्पर्धांची प्रवेश फी वेगवेगळी दाखवा. रेंज लोकांना खुली ठेवायची तयारी असेल, तर राज्याच्या वन्यजीव खात्याकडे चौकशी करा. बंदुका आणि दारूगोळ्यावरील अबकारी कराचा निधी १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने राज्यांकडे येतो आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर सार्वजनिक रेंजच्या खर्चात केंद्राचा वाटा ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

८. ठराव असा मांडा. अनेक अमेरिकी क्लब ‘रॉबर्ट्स रूल्स’ या सभानियमांच्या पुस्तकानुसार चालतात. सूचक तुम्ही असलात, तरी अनुमोदक जुना, सर्वांना मान्य असलेला सभासद हवा. मसुदा:

‘क्लबाच्या उत्तरेकडील उतारावर ३००, ४०० आणि ५०० यार्डांवर प्रत्येकी एक पोलादी पाटी बसवावी. तज्ज्ञाचा अहवाल, काउंटीची आवश्यक परवानगी आणि विमा कंपनीची लेखी संमती हाती येईपर्यंत काम सुरू करू नये. सध्याच्या कागदी रेंजच्या वेळा बदलू नयेत. सहा महिन्यांनी सभेने पुन्हा मतदान करून रेंज चालू ठेवायची की नाही ते ठरवावे.’

शेवटचं वाक्य वगळू नका. परतीची वाट दिसली की काठावरचे सभासद होकार देतात.

९. मंजुरीनंतर नोंदवही सुरू करा. तारीख, पाटीची स्थिती, बदललेले पट्टे, आलेल्या तक्रारी हे सगळं त्यात यावं. सहा महिन्यांनी मतं याच वहीवर पडतील. आणि तपासणी समितीत ठरावाविरुद्ध मत दिलेला एक तरी सभासद घ्या. रेंज सुरक्षित आहे असं तो म्हणाला, तर त्या शब्दावर बाकीच्यांचाही विश्वास बसेल. आणि नाही म्हणाला, तर त्याच दिवशी रेंज बंद करून दोष दुरुस्त करा.