बाय, लेकीचा कान सांभाळ

परवा फोनवर तू विचारलंस, तेव्हापासून ते माझ्या डोक्यात घोळतंय. तुझ्या लेकीनं मोबाईलवर चार ओळी टाकल्या आणि अर्ध्या मिनिटात त्यांचं चालीसकट गाणं होऊन आलं. तबला, बासरी, गोड आवाज, सगळं काही. मग ती तुला म्हणाली, "असं असेल तर मी पेटीवर बोटं कशाला झिजवू?" पोरीचा प्रश्न खरा आहे गो. तिला रागावू नकोस. 'आमच्या वेळी' हे शब्द तर तोंडातूनही काढू नकोस. एवढंच म्हण, गाणं तयार झालं हे छान झालं, पण ते करताना तुझ्या गळ्यात, तुझ्या कानात काय झालं ते सांग.

मी डिचोलीत मुलांना शिकवते त्यावरून सांगते, यंत्राला घाबरण्यासारखं काही नाही. माझ्या वर्गात इलेक्ट्रॉनिक तानपुरा रोज लागतो. आपल्या लहानपणी साथीला तबलजी मिळायची मारामार असायची, आणि आज पेडण्यातल्या कुठल्याही वाड्यावरच्या मुलीला रात्री नऊ वाजता हव्या त्या लयीत ठेका मिळतो. हे मोठंच सुख आहे. तेव्हा ठेक्याचं ॲप राहू दे. पण सुराची रेघ दाखवणारं ॲप तेवढं काढून टाक. सूर लागला की रेघ हिरवी, हुकला की लाल. एक मुलगी माझ्याकडे आली ती त्याच्यावरच तयार होऊन. रेघ समोर असेपर्यंत बिनचूक गायची. मी मोबाईल पालथा ठेवला आणि म्हटलं, आता लाव सा. तिनं लावला, चांगला लावला, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. बरोबर की चूक हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. स्वतःचा सूर स्वतःला कळणं हेच तर शिकायचं असतं, आणि नेमकं तेच तिचं राहून गेलं होतं. त्या पोरीसाठी माझा जीव तुटला.

आता पेटीबद्दल. पेटी असो की कीबोर्ड, त्यात सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. त्यामुळे शुद्ध गांधार तानपुऱ्यातल्या गांधारापेक्षा चढा लागतो. अर्ध्या सुराचे शंभर भाग धरले तर जवळजवळ 14 भाग चढा. थोडा वाटतो, पण रोज तोच कानावर पडला की गळा तिथंच बसतो आणि मग भूप गाताना काहीतरी टोचत राहतं. शिवाय पेटीवर मींड निघत नाही. आकाशवाणीनं 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दार बंद केलं होतं, त्यामागे ही दोन्ही कारणं होती. मी पेटीच्या विरोधात नाही, नाट्यगीत आणि भजन पेटीशिवाय कसं व्हायचं? पण सकाळचा पहिला अर्धा तास पेटी उघडू देऊ नकोस.

आईचा मिरजेचा तानपुरा अजून तुझ्या माळ्यावर आहे ना? तो खाली काढ. लेकीला समोर बसव आणि तारा तिलाच लावू दे. खर्जाची तार घोडीवर टेकते तिथं सुताचा दोरा असतो, तो तिनं स्वतः बोटानं केसभर पुढं-मागं सरकवायचा. एका जागी तार नुसती ठणठणते. जरा सरकवलं की आवाज उघडतो, गुंजत राहतो, आणि कुणी न छेडलेला गांधार त्या खर्जातून वर येतो. याला गवई स्वयंभू गांधार म्हणतात. तो एकदा ऐकू आला की तिला पेटीतला गांधार आपोआप वेगळा कळेल, तुला काही समजावून सांगावं लागणार नाही. पहिल्या दिवशी ऐकू येणार नाही, चिडेल, दोरा सोडून देईल. देऊ दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसव.

पोरगी एकटीच कानात इयरफोन घालून रियाज करते म्हणालीस, ते मला फार आवडलं नाही. ठेक्याचं यंत्र कधी दमत नाही आणि कुणासाठी थांबतही नाही. तुमच्या पेडण्यात दशावतार होतो तेव्हा तिला पेटीवाल्याच्या अगदी बाजूला नेऊन बसव. नटाचं बोलणं लिहिलेलं नसतं, पद कुठं सुरू करेल, कुठं लांबवेल, याचा नेम नाही. पेटीवाला आणि मृदंगवाला त्याच्या तोंडाकडे बघत त्याला उचलून धरतात. आणि चवथीला आमच्याकडे घेऊन ये, घुमट आरतीला. डावा हात मडक्याच्या उघड्या तोंडावर, उजवा चामड्यावर. बाजूला शामेळ आणि कासाळें. लय कशी चढते ते कुणी मोजत नाही, सगळे मिळून चढवतात. घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर ते गेलं आणि बकऱ्याचं आलं. 2019 मध्ये सरकारनं त्याला गोव्याचं वारसा वाद्य ठरवलं. साहित्य बदललं, वाजवणं टिकलं, कारण पोरं मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून बसत राहिली.

तुमच्या मालप्याच्या अंजनीबाई मालपेकर तिला ठाऊक आहेत का? 1883 चा जन्म, भेंडीबाजार घराण्याच्या नजीर खाँसाहेबांची तालीम, आणि 1958 मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळवणारी पहिली स्त्री. कुमार गंधर्व आणि किशोरीताई, दोघेही त्यांच्याकडे शिकले. किशोरीताईंच्या घरात मोगूबाईंसारखी आई होती, तरीही त्या अंजनीबाईंपुढे जाऊन बसल्या. आणि केरीच्या केसरबाई? 1977 मध्ये व्हॉयेजर यानातून त्यांची भैरवी पृथ्वीबाहेर गेली. ती नेली यंत्रानं, पण तो आवाज घडला अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीत. पोरीला ती भैरवी जरूर ऐकव, आणि मोबाईलवरच ऐकव, काही हरकत नाही. मात्र ऐकताना दुसरं काही करायचं नाही. एकाच दिवसात तीनदा ऐकायची आणि प्रत्येक वेळी नवीन काय सापडलं ते तुला सांगायचं.

क्लास निवडताना गुरू किती परीक्षा द्यायला लावतात हे विचारू नकोस. प्रारंभिक, प्रवेशिका होतील यथावकाश, आणि नाही झाल्या तरी काही अडत नाही. वर्गात जाऊन पंधरा मिनिटं बस. पोर चुकली तर गुरुजी स्वतः गाऊन दाखवतात की पेटीची पट्टी दाबून दाखवतात, एवढं बघ. गाऊन दाखवणारे असतील तर अंतर लांब पडलं तरी तिथंच घाल.

आणि ते मोबाईलवरचं गाणं तिनं पुसलं नसेल तर मला पाठव. तिच्या त्या चार ओळींना आपण दोघी मिळून तिच्याच तोंडून चाल लावून घेऊ, मला खरंच ऐकायचंय ती काय करते. तानपुऱ्याच्या तारांचा संच मी पणजीहून आणून ठेवते. तू फक्त भोपळ्याला तडा गेलाय का ते बघ आणि रविवारच्या आत कळव.