सामुद्रधुनीच्या दोन्ही तीरांवर

मधुमेहाच्या रोग्यास रोज टोंचून घ्यावें लागणारें इन्सुलिन आपल्यांपैकीं पुष्कळांनीं घरीं अथवा शेजारीं पाहिलें असेल. त्या लहानशा शिशीवर अनेकदां डेन्मार्क देशांतील एका कंपनीचें नांव आढळतें. महाराष्ट्राच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढा हा देश साऱ्या जगास औषध पुरवूं लागला, तो केवळ स्वतःच्या बळावर नव्हे. परदेशांशीं त्यानें जी भागी केली, तिचा हा वृत्तांत आहे.

सन १९२२ मध्यें ऑगस्ट क्रोग नांवाचे डॅनिश शास्त्रज्ञ व्याख्यानांकरितां अमेरिकेस गेले होते. शरीरशास्त्रांतील संशोधनाबद्दल त्यांस दोनच वर्षांपूर्वीं नोबेल पारितोषिक मिळालेलें होतें. त्यांची पत्नी मारी ही स्वतः वैद्यकशास्त्र जाणणारी विदुषी. परंतु तिला मधुमेहानें ग्रासलें होतें, आणि त्या काळीं या रोगावर उपासाखेरीज दुसरा उपाय जवळजवळ नव्हताच. कॅनडांतील टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं जनावरांच्या स्वादुपिंडांतून इन्सुलिन काढल्याची वार्ता अमेरिकेंत कानीं आली, तेव्हां पत्नीच्या आग्रहावरून क्रोग टोरोंटोस गेले. तेथील विश्वविद्यालयानें स्कँडिनेव्हियांत हें औषध तयार करण्याची परवानगी त्यांस दिली. पुढें १९२३ सालीं शोधकर्त्यांनीं आपला हक्क एकेका डॉलरास त्याच विश्वविद्यालयाच्या स्वाधीन केला, हें येथें नमूद करण्याजोगें आहे. क्रोग यांनीं स्वदेशीं परतून डॉक्टर हागेडॉर्न यांच्या साह्यानें कार्यास आरंभ केला आणि १९२३ मध्येंच नॉर्डिस्क ही इन्सुलिन प्रयोगशाळा उभी राहिली. नफ्याची वांटणी न करतां शिल्लक संशोधनाकडे लावावी, असें तिचें धोरण होतें. मारी क्रोग पुढें वीस वर्षें जगली.

या प्रयोगशाळेशीं बेबनाव होऊन पेडरसन नांवाचे दोघे बंधु बाहेर पडले व १९२५ सालीं त्यांनीं नोव्हो ही निराळी कंपनी काढली. एकाच शहरांत एकाच मालाचीं दोन दुकानें! साठांहून अधिक वर्षें त्यांची चुरस चालली, आणि १९८९ मध्यें दोन्ही एक होऊन नोव्हो नॉर्डिस्क झालीं. त्याआधींच, १९८७ सालीं, नोव्होनें पाव फुगविणाऱ्या यीस्टकडून मानवी इन्सुलिन तयार करवून बाजारांत आणलें होतें. सजीव पेशींकडून असें काम करवून घेण्याच्या विद्येस जैवतंत्रज्ञान म्हणतात.

आतां नकाशा उघडा. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन आणि स्वीडनचें माल्मो शहर हीं ओरेसुंड नामक सामुद्रधुनीच्या दोन तीरांवर समोरासमोर आहेत. माल्मोजवळच लुंड हें विद्यापीठाचें गांव आहे. माल्मोचा स्कोने प्रांत १६५८ सालापर्यंत डेन्मार्कचाच होता, आणि त्याकरितां दोन्ही राष्ट्रांनीं पुष्कळ रक्त सांडलें. अशा वैऱ्यांचे वंशज १९९७ मध्यें एकत्र बसले व त्यांनीं युरोपीय संघाच्या साह्यानें या साऱ्या टापूकरितां एक संस्था स्थापिली. टापूस त्यांनीं मेडिकॉन व्हॅली असें नांव दिलें. दोन्ही देशांतील विद्यापीठें, इस्पितळें व औषधांच्या कंपन्या तिच्या सभासद आहेत.

यांतील व्यवहार असा. नवें औषध निघावयास दहा-बारा वर्षें सहज लागतात, आणि बहुतेक प्रयत्न मध्येंच फसतात. म्हणून लहान कंपनीस भांडवल हवें, रोगी तपासणारें इस्पितळ हवें, आणि ती बुडाल्यास तिच्या शास्त्रज्ञांस घर न हलवितां दुसरी नोकरी मिळावयास हवी. हें सर्व एका तीरावर पुरेसें नव्हतें. दोहोंवर मिळून होतें. १ जुलै २०००, या दिवशीं पूल, कृत्रिम बेट व बोगदा मिळून सुमारें सोळा किलोमीटरांचा मार्ग खुला झाला, आणि माणसें एका देशांत राहून दुसऱ्यांत कामास जाऊं लागलीं. अर्थात् नाणीं निराळीं, कर निराळे, निवृत्तिवेतनाचे नियम निराळे, ही कटकट पुलानें मिटली नाहीं. शिवाय जानेवारी २०१६ पासून वर्षाहून अधिक काळ स्वीडनकडे जाणाऱ्या प्रवाशांचीं ओळखपत्रें तपासण्यांत येत होतीं. तेव्हां रोजच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फार हाल झाले. भागी कागदावर असते, पण ती चालते आगगाडीच्या वेळापत्रकावर, असें माझें मत आहे.

तिची खरी परीक्षा मात्र लुंड येथें झाली होती. अ‍ॅस्ट्राझेनेका या मोठ्या कंपनीनें २०१० सालीं तेथील आपलें संशोधनकेंद्र बंद करण्याचें जाहीर केलें. सुमारें नऊशें लोकांची नोकरी गेली. एवढ्या गांवांत एवढे रसायनज्ञ व जीवशास्त्रज्ञ एकदम रिकामे होणें म्हणजे घरोघरीं चिंता. शिवाय हे लोक पांगले असते तर त्यांच्या डोक्यांतील विद्याही पांगली असती. तेव्हां माट्स पॉलसन या बांधकाम व्यावसायिकानें द्रव्य दिलें, त्याच्या विश्वस्तनिधीनें त्या इमारती विकत घेतल्या आणि २०१२ मध्यें तेथें मेडिकॉन व्हिलेज सुरू झालें. लुंड विद्यापीठाचें कर्करोग-संशोधन तेथें आलें. रिकाम्या खोल्यांतून लहान लहान कंपन्यांनीं बिऱ्हाडें केलीं, आणि त्यांतल्या कांहीं जुन्या कर्मचाऱ्यांनींच काढलेल्या होत्या. एका धन्याचें जें आवार होतें, तेथें आतां शंभराहून अधिक संस्था व कंपन्या नांदत आहेत. भाड्यांतून उरणारी शिल्लक तेथेंही संशोधनाकडेच जाते.