एका संगणकात दोन विंडोज : परवाने किती?

दुकानाचा हिशेब जुन्या विंडोजवर, बाकीचे काम नव्या विंडोजवर, अशी सोय काही व्यापारी बांधव एकाच संगणकात करून घेतात. परवाना मात्र एकच असतो. विंडोज 10 आणि 11 च्या करारानुसार एका परवान्यात एका यंत्रावर एकच प्रत बसवता येते. संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभारलेला आभासी संगणक हेही वेगळे यंत्रच धरतात. म्हणून दोन प्रती असतील तर परवाने दोन लागतात, एका वेळी एकच चालू असली तरीही. उबुंटू किंवा डेबियन लिनक्स शेजारी बसवल्यास मात्र त्यासाठी परवाना विकत घ्यावा लागत नाही.

आम्ही एवढेच सुचवतो की, बिलावर परवान्यांची संख्या लिहून घ्यावी. करार पाळणे हीदेखील अमानतच आहे. हलाल कमाईचा हिशेब चोरीच्या प्रतीवर लिहू नये.