लघवीत जंतू आहेत, तरी औषध का नाही?

प्रश्न : माझे दीर अपघातात मणक्याला मार बसल्यापासून व्हीलचेअरवर आहेत. दिवसातून चार-पाच वेळा नळी घालून लघवी काढावी लागते. दर कल्चरमध्ये जंतू निघतात आणि डॉक्टर म्हणतात, ‘ताप नाही ना? मग औषध नको.’ हे बरोबर आहे का? – एक वाचक, खडकी

उत्तर : बरोबर आहे. मणका जायबंदी झालेल्या जवानांसाठीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४पासून तुमच्या खडकीतच आहे. अशा रुग्णांच्या सांभाळात लघवीचा प्रश्न किती मोठा असतो, हे इतिहासातही दिसतं. पहिल्या महायुद्धात मणक्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक वर्षभरही जगत नसत. त्यांचा जीव जायचा तो लघवीच्या संसर्गाने आणि पडून पडून झालेल्या जखमांनी.

मणक्याच्या नसा तुटल्या की मूत्राशय भरल्याचं कळत नाही आणि ते पुरतं रिकामंही होत नाही. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४मध्ये इंग्लंडात स्टोक मँडेव्हिलला या रुग्णांसाठी केंद्र सुरू केलं आणि ठरावीक तासांनी मूत्राशय रिकामं करण्यावर भर दिला. पुढे १९७२मध्ये अमेरिकेतल्या डॉ. जॅक लॅपिडीस यांनी दाखवलं, की त्यासाठी ऑपरेशन थिएटरातली निर्जंतुकता लागत नाही. धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. मूत्राशय ताणलं जाणं हेच जास्त घातक. म्हणून ‘बाहेर जायचंय, एक वेळ चुकली तर चालेल’ असं करू नका. दर चार ते सहा तासांनी नळी, आणि एका वेळी साधारण अर्ध्या लिटरपेक्षा जास्त लघवी साचू द्यायची नाही.

नळी वापरणाऱ्याच्या लघवीत जंतू असणं हे नेहमीचंच. त्रास नसताना अँटिबायोटिक दिलं, तर ते काही दिवस जातात आणि परततात ते त्या औषधाला न जुमानणारे. मग खरा ताप येतो तेव्हा हाताशी औषधच उरत नाही. म्हणून विनाकारण वारंवार कल्चर करूच नये. नुसता वास किंवा गढूळपणा हेही औषधाचं कारण नाही. (गरोदर बाई किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया ठरलेला रुग्ण यांची गोष्ट वेगळी; तिथे त्रास नसला तरी उपचार करतात.)

दिरांना कमरेखाली संवेदना नसेल, तर जळजळ कळणार नाही. त्यांच्यात पाहायचं ते हे : थंडी वाजून ताप, पायांचे झटके अचानक वाढणं, मधेच लघवी गळू लागणं, गळून गेल्यासारखं होणं. असं झालं की औषध सुरू करण्याआधी कल्चर द्या. नमुना नव्या नळीतून ताजा घ्या, पिशवीतला नको. औषध बहुधा सात दिवस, गुण उशिरा आला तर दहा-चौदा. मधे सोडायचं नाही.

इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल, तर एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. अचानक डोकं फुटेल असं दुखलं, चेहरा लाल होऊन घाम सुटला, तर रक्तदाब धोकादायक चढलेला असू शकतो आणि बरेचदा कारण तुंबलेली लघवी असते. त्यांना आडवं करू नका. ताठ बसवा, घट्ट कपडे सैल करा, लगेच नळी घालून लघवी काढा. तरीही उतार पडला नाही तर तडक रुग्णालय गाठा.